तिसऱ्या भागातला पहारेकरी

पुस्तकावरून काढलेला सिनेमा पुस्तकाला न्याय देतो का, यावर आमच्या घरी जेवताना हमखास भांडण होतं. माझी मुलं जादूची जाडजूड पुस्तकं वाचतात, मग त्यांवरचा सिनेमा बघून येतात आणि दोन दिवस तणतणत फिरतात. अमका म्हातारा गाळला, तमक्या राक्षसाचे डोळे हिरवे नव्हतेच, वगैरे. मी मुकाट्याने भाजी वाढत राहते. खरं तर या विषयावर बोलायचा अधिकार माझा त्यांच्यापेक्षा मोठा आहे. सिनेमाने गाळलेला एक माणूस मी अगदी जवळून ओळखत होते. तो मुळात पुस्तकातही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला पांडेसऱ्यात राहत होतो. वडील कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला. आमच्या लायनीत दहा खोल्या, बहुतेक आमच्यासारख्या खानदेशातून आलेल्या, दोन मराठवाड्याच्या. दुपारी बाया आमच्या ओट्यावर जमायच्या आणि साड्यांचे धागे कापायच्या. साडीवर मशीनचं भरतकाम झालं की उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात, ते छोट्या कातरीने साफ करायचे. काम हाताचं आणि डोळ्यांचं. तोंड आणि कान दिवसभर रिकामे. तोंडाची सोय बायांनी केलेलीच होती, कानांची सोय माझ्या आईने केली.

वडिलांनी रद्दीच्या दुकानातून एक मराठी कादंबरी आणली होती. पाच भागांची, जादूची. तिच्यात हवेत उडणारा किल्ला होता, बोलणारे खांब होते, आरशातून माणसं ओढून घेणारी जादूगारीण होती आणि इतकं सगळं असूनही पाच भाग लग्न लांबवणारा एक राजपुत्र होता. आई सातवी शिकलेली. लायनीत खडखडीत वाचणारी ती एकटीच. एका दुपारी सहज म्हणून तिने चार पानं वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी बाया जेवणं उरकून अर्धा तास आधीच येऊन बसल्या.

आता पुस्तक मोठ्याने वाचायचं म्हणजे पोथी, हे बायांच्या डोक्यात पक्कं. श्रावणात पोथी लागते तशी ही दिवाळीनंतर लागली. पाट आला, पाटावर धुतलेलं फडकं आलं. आईने पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली, त्यांवर एकीने हळदीकुंकवाची बोटं उमटवली. वाचणारीशिवाय पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. एक भाग संपला की गूळखोबरं वाटायचं. जादूगारीण पहिल्यांदा हरली त्या दिवशी मराठवाड्याच्या मावशीने चक्क नारळ फोडला. कादंबरी लिहिणाऱ्या बिचाऱ्याला कळलं असतं, तर त्याने लेखणी ठेवून मठ काढला असता.

पुस्तकातली भाषा भारी होती. राजपुत्र नुसतं पाणी मागायचं झालं तरी अर्धं पान घ्यायचा. म्हणून आई एक ओळ वाचायची आणि मग तिचा अर्थ अहिराणीत सांगायची. हळूहळू ओळी कमी झाल्या आणि अर्थ वाढले. राजकन्या महालात खानदेशी कळण्याची भाकरी थापायला लागली. कुणाची तक्रार नव्हती.

या सगळ्यात हुंकार देण्याचं काम समोरच्या मावशीकडे होतं. गोष्ट सांगताना समोरून कुणीतरी ‘हूं’ म्हणावं लागतं, नाहीतर गोष्ट अडते, असं आमच्याकडे मानतात. मावशी चाळिशीची, खडूस, कातर चालवताना सुद्धा कपाळाला आठी. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी कामरेजला एका कारखान्यात काम बघून येतो म्हणून सकाळी डबा घेऊन निघाला होता, तो परत आला नव्हता. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, देवऋषी झाला, गावी निरोप झाले. गावाकडचे परत बोलवत होते, पण मावशी खोली सोडायला तयार नव्हती. तो आला तर याच दाराशी येईल, दुसरीकडे त्याला पत्ता कुठे माहीत, असं ती म्हणायची. हा विषय तिच्यासमोर काढायची लायनीत कुणाची छाती नव्हती.

दुसरा भाग संपला, तिसरा लागला आणि मला वाचनाचं खरं वेड लागलं. पहिले दोन भाग ठीक होते, पण तिसरा म्हणजे कमाल. जादूगारिणीच्या गुहेत रंगाचे मोठमोठे दगडी हौद. त्यात जो पडेल तो आपलं नाव आणि गाव विसरायचा. आणि त्या हौदांवर एक पहारेकरी. तोही कधीतरी हौदात पडलेला. राजपुत्र त्याला सोडवतो, पण घर कुठे ते त्याला आठवतच नाही. म्हणून तो चालत सुटतो, गावोगाव विचारत. ज्या दुपारी हा पहारेकरी पहिल्यांदा आला, त्या दुपारी मावशीच्या हातातली कातर खाली पडली. तिने ती उचलली, साडी मांडीवर नीट घेतली आणि इतरांपेक्षा मोठ्याने ‘हूं’ म्हणाली.

त्याच सुमारास माझं सातवीचं विज्ञानाचं पुस्तक हरवलं होतं. मी गुजराती शाळेत होते. पुस्तक हरवलं म्हणून बाईंनी झापलं ते झापलंच, घरी आईनेही पाठीत धपाटा घातला, वस्तू सांभाळायची अक्कल नाही म्हणून. मी महिनाभर शेजारणीच्या पुस्तकात मान घालून बसत होते. एक दिवस आई नळावर गेलेली असताना माझ्याने राहवलं नाही. पहारेकऱ्याचं उद्या काय होणार ते आजच बघावं म्हणून मी पाटावरचा तिसरा भाग उघडला.

आत बेडूक होता. पोट चिरून चार टाचण्यांनी पसरलेला, बाण काढून एकेका अवयवाचं नाव गुजरातीत लिहिलेलं. पहिल्या पानावर माझंच नाव होतं.

आई हंडा घेऊन आत आली तेव्हा मी पुस्तक हातात धरून उभी होते. मला वाटलं, आता ती माफी मागेल. माफी बिफी काही नाही. तिने आधी दार लोटलं. मग म्हणाली, “रद्दीवालाकडे तिसरा भाग नव्हताच. दुसरा भाग सरना तवय किल्ला हवामा लटकी ऱ्हायना व्हता. आठ बायास्ले तसाच घर धाडू का मी?”

“आणि माझा धपाटा?”

“तो राहू दे. पुढे कामले येई.”

माझं पुस्तक जाडीला आणि लांबीरुंदीला अचूक बसत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. आई गुजराती अक्षर वाचू शकत नव्हती, म्हणजे तिच्यासाठी ते पुस्तक कोरंच होतं. मी गप्प बसण्याचं कबूल केलं, पण फुकट नाही. सकाळी ती भाकऱ्या थापताना आजच्या दुपारी काय होणार ते मला आधी सांगायचं, असा सौदा ठरला. लवकरच मी सूचनाही द्यायला लागले. सोनेरी पालीचा प्रसंग संपूर्ण माझा आहे आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

खरी पंचाईत पुढे झाली. चौथा भाग खरा होता आणि खऱ्या भागात पहारेकऱ्याचा पत्ता नव्हता. आईला वाटलं होतं, बाया विसरतील. बाया विसरल्याही. मावशी विसरली नाही. राजपुत्राने सात दरवाजे फोडले, खांबांची कोडी सोडवली, मावशी म्हणायची, “हूं. मंग तो पहारावाला कथा गया?” कुठे गेला तो, हा तिचा रोजचा प्रश्न. मग आई पान उलटून म्हणायची, तो त्या वेळी एका डोंगराच्या पायथ्याशी पोचला. दुसऱ्या दिवशी नदीकाठी. तिसऱ्या दिवशी बाजारात. आईने त्याला तीनदा मारायचं ठरवलं होतं. एकदा साप, एकदा पूर आणि एकदा नुसता ताप. सकाळी चुलीपाशी तो मरायचा आणि दुपारी मावशीचा चेहरा दिसला की आई त्याला पुन्हा चालायला लावायची. पाचवा भाग संपला, राजपुत्राने एकदाचं लग्न केलं, गूळखोबरं वाटून झालं, तरी तो चालतच होता.

“तो घर पावना का नही, ते लिखेलच नही?” मावशीने विचारलं. तो घरी पोचला की नाही, एवढंच तिला हवं होतं.

“नाही लिहिलं,” आई म्हणाली. हे तिने वाचलेलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

इथे हे सगळं मिटलं असतं. पण होळीच्या सुमारास शाळेतून येताना मला भिंतीवर सिनेमाचं नवं पोस्टर दिसलं. वर उडणारा किल्ला, खाली आरसा घेतलेली बाई आणि कोपऱ्यात हिंदीत लिहिलेलं की हा सिनेमा एका मशहूर मराठी कादंबरीवरून काढला आहे. मी धावत आले आणि ओट्यावरच्या आठही बायांना एका दमात सांगून टाकलं. आईकडे बघितलं ते सांगून झाल्यावर. ती माझ्याकडे अशी बघत होती, की तो राखून ठेवलेला धपाटा मला पाठीत आधीच जाणवला.

बायांचं लगेच ठरलं. रविवारी बाराचा शो, सगळ्यांनी जायचं. आईने होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. सिनेमा वाईट आहे म्हणे, पोरीसोरींनी बघण्यासारखा नाही, रिक्षावाले लुटतात, उन्हाने डोकं उठतं. मराठवाड्याची मावशी म्हणाली, “आवं, आपलीच पोथी हाय की ती, तिला काय वाईट असायचं?” समोरची मावशी इतका वेळ धागे कापत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, “पुस्तकमा ऱ्ही गयं ते सिनेमामा दखाडतस. तो घर पावना का, ते दखाई.”

त्या रात्री आई जेवली नाही. तिची भीती मला कळत होती. या लायनीत ती दहातली एक भाडेकरीण होती, पण ओट्यावर ती वाचणारी होती. तिच्या शब्दावर आठ बाया रोज दोन तास विश्वास ठेवून बसत. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती, ती तिने बोलूनही दाखवली. “माझं हसं झालं तर होऊ दे,” ती म्हणाली, “पण त्या बाईला मी तीन महिने खोट्यावर चालवलं गं.”

रविवारी तिचं डोकं दुखलं. तिने मला पुढे केलं. “जाय तू. काय बोलतस त्या, आयकी ये.”

आम्ही दोन रिक्षांत कोंबून उधन्याच्या पुढच्या टॉकीजला गेलो. सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर किल्ला उडाला, तशी मावशी मोठ्याने म्हणाली, “हूं.” पुढचा माणूस वळून बघायला लागला. राजपुत्र बोलला, “हूं.” खांब बोलला, “हूं.” खांबाचा आवाज एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करणाऱ्यासारखा होता. किल्ल्याला टेकून राजपुत्र उभा राहिला तर किल्ला हलला. राजकन्या बर्फात नाचायला गेली आणि तिथे कॅमेरा जवळ गेला तेव्हा मराठवाड्याची मावशी जवळजवळ उभीच राहिली. “आवं, हिच्या वढणीचे धागे कापलेच नाहीत की!” खरंच कापले नव्हते. एवढ्या मोठ्या पडद्यावर वीतभर धागे लोंबत होते. आमच्या ठेकेदाराने असा माल तोंडावर मारला असता. त्यानंतर गाणं कुणी ऐकलं नाही, आठही बाया धागे मोजत बसल्या.

मध्यंतरात खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, खाऊन झाले. आणि मग सिनेमा दुसऱ्या भागातून उडी मारून थेट चौथ्यात गेला. गुहा नाही, हौद नाही, सोनेरी पाल नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याच वेळी माझी पाल गाळल्याचा मला रागही आला. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली, मग कुजबुजीचं बोलणं झालं. “तिसरा भाग कथा गया व?” “फिल्लम जळली का काय?” मागून आवाज आला, “ए बेन, शांती राखो ने!” त्यावर एकीने मागे वळून त्याला गुजरातीतच सुनावलं, की आम्ही पूर्ण पोथी ऐकली आहे, तू काय ऐकलंस?

फक्त मावशीचा हुंकार थांबला होता. राजपुत्राचं लग्न लागेपर्यंत ती पडद्याच्या कडांकडे बघत होती. वरात निघाली, बघे उभे होते, भालदार चोपदार होते, ती एकेकाचं तोंड न्याहाळत होती. दिवे लागले तरी ती उठली नाही. मी हात धरला तेव्हा उठली.

परतीच्या रिक्षांत निकाल लागला. सिनेमावालास्नी पुस्तक वाचंच नही. सगळ्यात चांगला भाग कापून टाकला, मेल्यांनी. आईची अब्रू वाचली होती, नुसती वाचली नव्हती तर वाढली होती. पुढे कॉलेजात असताना एका वाचनालयात मला त्या कादंबरीचा खरा तिसरा भाग मिळाला. त्यात दोन राजघराण्यांच्या वंशावळी आहेत आणि सैन्याची मोजदाद. तो का गाळला असेल ते मला वाचताक्षणी कळलं. पडद्यावर तर सोडाच, त्या लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला सुद्धा माझ्या आईइतका न्याय दिला नव्हता.

पण त्या दिवशी ते माहीत नव्हतं. घरी आलो तेव्हा चार वाजले होते. नळाला पाणी आलेलं, म्हणून बाकीच्या बाया हंडे घ्यायला पळाल्या. मावशी मात्र चपला काढून थेट आमच्या घरात आली आणि पाटासमोर बसली. आई चुलीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, काही कळलं नाही कुणाला या अर्थाने. तरी आईने पदर सावरला आणि बोलायला सुरुवात केली.

“मावशी, मी तुम्हाला एक सांगणार आहे...”

“काय सांगशी? तिसरा भाग नही शे, हाईच ना?” मावशी म्हणाली. “मी हूं देस, आंधळी नही शे. राजकन्यानी गोटमा चिरेल बेडूक काब्र ऱ्हाई व माय?”

राजकन्येच्या गोष्टीत चिरलेला बेडूक कशाला असेल! आई पाटापाशी येऊन बसली. मावशी रोज तिच्या अगदी शेजारी बसायची. वाचता येत नव्हतं तिला, पण बेडूक कळायला वाचता यावं लागत नाही. पहिल्याच दिवशी तिने तो पाहिला होता.

“मग बोलला का नाहीत?” आईने विचारलं. ती रडत होती.

“बोलती तं तू थांबती.” मावशीने पाटावरचा तिसरा भाग उचलला. वाचणारीशिवाय हात लावायचा नाही हा नियम पाच महिन्यांत मोडणारी माझ्यानंतर ती दुसरी. तिने तो आईच्या मांडीवर ठेवला. “माले वाटनं, सिनेमावालास्ले तरी माहीत ऱ्हाई. त्यास्लेबी नही. आते तूच वाच.”

“घरी आणू त्याला?” आई हळूच म्हणाली.

“नको. घर आणू नको. येवाव नही तो, माले माहीत शे.” मावशीच्या कपाळावर ती नेहमीची आठी होती. “जेवना का नही, तितलंच वाच.”

आईने डोळे पुसले आणि पुस्तक उघडलं. बेडकाचं पान निघालं. त्या पानावर मला वर्षाच्या शेवटी प्रश्न येणार होता आणि मला तो सुटणार नव्हता. आई वाचायला लागली. पहारेकरी चालत चालत एका गावाच्या वेशीपाशी आला. तिथे लिंबाचं झाड होतं. शेतातून परतणाऱ्या एका बाईने त्याला विचारलं, की कुठला रे तू. त्याला काही सांगता आलं नाही. तिने पुढे काही विचारलं नाही, सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि फडक्यातली भाकर काढून दिली. भाकरीवर ठेचा होता. तो पोटभर जेवायला बसला.

“हूं,” मावशी म्हणाली. मग, “संगे कांदा?”

आईने पुस्तकावरून मान वर केली.

“त्या दिनले डबामा कांदा टाकानं इसरी गयी व्हती मी,” मावशी म्हणाली.

आईने पान उलटलं आणि त्याला कांदा दिला.

“हूं.”